गार्डची सही

रविवार, ७ सप्टेंबर. सकाळी ६.१०

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. या घरात माझं बोलणं कोणी ऐकत नाही आणि नंतर सगळे म्हणतात, तुम्ही सांगितलंच नव्हतं. आता लेखी राहील. ही वही कोणाला दाखवायची नाही.

विषय : व्हॅनचा ब्रेक.

काल इथं रायपुरात तेलीबांध्याच्या सिग्नलवर आमची व्हॅन पांढऱ्या रेषेच्या थोडी पुढे जाऊन थांबली. थोडी म्हणजे मागे आणखी एक व्हॅन मावली असती इतकी. ट्रॅफिकवाल्याने शिट्टी फुंकली. माझी बायको कमला मागच्या सीटवरून ओरडली. यात ब्रेकचा काही दोष नाही. तिथं रस्त्यालाच तलावाकडे उतार आहे.

घरी आल्यावर कमला म्हणाली, गाडी कोणाला तरी दाखवून आणा. कोणाला दाखवू? चौतीस वर्षं रेल्वेच्या वॅगन यार्डात ब्रेकच्या ऑफिसात काढली. मालगाडी सुटण्याआधी तिचा ब्रेक तपासून ब्रेक पॉवर सर्टिफिकेट निघतं. ते हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. माझ्या अक्षराशिवाय त्या यार्डातून एक वॅगन बाहेर पडली नाही. आणि मी सात सीटची व्हॅन चौकात नेऊन दाखवायची.

एक ऑक्टोबरला नागपूरला निघायचं आहे. दोन तारखेला दसरा, दीक्षाभूमी. रिटायर झाल्यापासून दरवर्षी मीच नेतो, मीच आणतो. या वर्षी आमची नात पायल पहिल्यांदा येणार. सात वर्षांची आहे. तिला मी माझ्या गाडीने दीक्षाभूमीवर नेणार, हे मी तिला आणि विहारातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे. आता मागे हटता येत नाही.

संकल्प : चोवीस दिवसांत ब्रेक स्वतः तपासणे, स्वतः ठीक करणे. कोणाचा सल्ला न घेणे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

पेडल फार खाली जातं. पूर्वी अर्ध्यावर अडायचं.

कारण सापडलं. पायाखालचं मॅट. सुनेने, म्हणजे अपर्णाने, धुऊन उलटं टाकलं. मॅट काढून फेकलं. आता पेडल आणखी खाली जातं, कारण मॅटची जाडी गेली. म्हणजे दोष मॅटचाच होता हे सिद्ध झालं.

अपर्णाला समज दिली. ती "हव बाबा" म्हणून मोबाइल बघत राहिली.

गुरुवार, ११ सप्टेंबर. दुपारी

यशदीपने फारच भुणभुण लावली म्हणून गुढियारीच्या एका मेकॅनिककडे गाडी नेली. यशदीप म्हणजे माझा मुलगा. नवा रायपुरात नोकरी करतो, मराठी समजतो, उत्तर हिंदीत देतो.

मेकॅनिक फोनवर बोलत होता. बोलता बोलता खिडकीतून हात घालून त्याने पेडल दोनदा दाबलं. तिसऱ्यांदा दाबून धरलं, पेडल हळूहळू खाली गेलं. फोन कानालाच, आणि मला म्हणतो, पीछे कहीं लीक है, चक्का खोलना पड़ेगा, गाड़ी छोड़ जाओ. बॉनेट उघडलं नाही, कागद नाही, पेन नाही. कोणती टेस्ट केली विचारलं. म्हणाला, पैर को समझ आता है. हाताने दाबलं आणि पायाला समजलं म्हणे. मी म्हटलं, लेखी दे. हसला. त्याच्याबरोबर तिथले सगळेच हसले.

गाडी घेऊन परत आलो. येताना ब्रेक उत्तम लागला, रस्ता रिकामा होता.

शनिवार, १३ सप्टेंबर. सकाळी ६.४०

खरा गुन्हेगार सापडला.

व्हॅन आमच्या पोर्चपेक्षा लांब आहे, मागची चाकं गेटच्या बाहेर गल्लीत राहतात. डाव्या मागच्या चाकाखाली रोज सकाळी ओला डाग असतो. पाऊस धुऊन नेतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच. चाकाची आतली बाजूही ओली. हे काम शेजारच्या नीलकंठरावांच्या कुत्र्याचं आहे. नाव मोती. ब्रेक चाकात असतो. चाकावर रोज असं झालं तर कोणता ब्रेक टिकेल?

नीलकंठराव कॉलेजातून रिटायर झाले. त्यांच्या घराण्याला रायपुरात दोनशे वर्षं झाली हे ते मला प्रत्येक भेटीत सांगतात, जणू मी काल बिनतिकीट उतरलो. आज गेटवर जाऊन त्यांना स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, मोती चौदा वर्षांचा आहे, त्याला पाय उचलता येत नाही, तो बसूनच करतो आणि आमच्याच वाळूत करतो. त्यांनी वरचा मजला बांधायला काढलाय, घरासमोर वाळूचा ढीग आहे. अर्धी गल्ली अडवलीय, त्याबद्दल कोणी बोलायचं नाही.

मी म्हटलं, पाय उचलता येत नाही हे तुमचं म्हणणं आहे. त्यांनी गेट लावून घेतलं.

उपाय : लाल रंगाच्या पाण्याच्या दोन बाटल्या चाकाजवळ ठेवल्या. कुत्री त्याला भितात.

रविवार, १४ सप्टेंबर

बाटल्यांच्या मधोमध डाग. मोती बाटलीला टेकून झोपला होता.

वाकून डागाचा वास घेतला. लघवीसारखा नाही, तेलासारखा. चौदा वर्षांच्या कुत्र्याला काय खाऊ घालतात देव जाणे.

वंदनेनंतर कमला विहारातून शेवंताबाईला चहाला घेऊन आली. ही आमच्याच यार्डात होती. नवरा ड्यूटीवर असताना वारला, त्याच्या जागी लागली. खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखालची मदतनीस, म्हणून आली आणि फिटर होऊन रिटायर झाली. तेव्हाही मला बाबूजी म्हणायची, अजून म्हणते. अख्खं यार्ड म्हणायचं. आदर म्हणून मी कधी हरकत घेतली नाही.

गेटमधून आत येता येता ती थांबली, बसली, डागाला बोट लावलं, दोन बोटांत चोळलं. म्हणाली, बाबूजी, हे ब्रेकचं तेल आहे, मागचं चाक गळून राहिलं. मी म्हटलं, मला माहीत आहे. मग तिला तत्त्व समजावून सांगितलं, कारण हाताने काम करणाऱ्यांना तत्त्व ठाऊक नसतं. मालगाडीला इंजिनपासून शेवटच्या डब्यापर्यंत हवेचा पाइप असतो. तो कुठंही फुटला, गळला, की ब्रेक आपोआप लागतो. हीच त्यातली खुबी. म्हणजे ब्रेकमध्ये गळती असेल तर धोका नाही, उलट संरक्षण आहे. फार गळलं तर गाडी जास्तीत जास्त जागेवर उभी राहील.

शेवंताबाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. तिला हे नवीन असावं. मग स्वयंपाकघरात जाऊन कमलाच्या कानाशी लागली.

ती गेल्यावर कमलाने जाहीर केलं, ब्रेक ठीक होत नाही तोवर पायल या गाडीत बसणार नाही. माझी गाडी, माझी नात, आणि हुकूम कोणाचा, तर एका फिटरबाईचा.

तेल असेलही. त्यामुळे मोती निर्दोष ठरत नाही.

बुधवार, १७ सप्टेंबर. दुपारी ३

आज ब्रेकमधली हवा काढली. याला ब्लीडिंग म्हणतात. यशदीपने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता, दोन मिनिटं बघून बंद केला. माणूस टी-शर्टवर होता.

कृती सोपी आहे. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचा छोटा नट किंचित सैल करायचा, तेलाबरोबर हवा निघते, नट कसायचा, मगच पेडल सोडायचं. नीट सिग्नल असला म्हणजे चूक होत नाही. म्हणून रिटायरमेंटच्या वेळी आणलेल्या हिरव्या आणि लाल झेंड्या काढल्या. हिरवी म्हणजे दाब, लाल म्हणजे धरून ठेव. कमलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि मी चाकामागे पालथा पडलो.

कमलाला झेंड्या दिसत नव्हत्या म्हणे. आरसा यशदीपने त्याच्या उंचीला फिरवून ठेवलेला. तिने तोंडाने सांगा म्हटलं. मी म्हटलं, यार्डात कोणी तोंडाने सांगत नाही. मग तिने मनानेच दाबलं आणि मनानेच सोडलं. मी नट उघडा ठेवून लाल झेंडी हलवत होतो. नटातून फुस्स आवाज येऊन हवा आत गेली. बाहेर आली असंही म्हणता येईल.

नीलकंठराव गॅलरीतून बघत होते. हसले नाहीत, पण उभे होते.

निकाल : पहिल्यांदा दाबलं की पेडल तळाला जातं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर. तिसऱ्यांदा कडक. म्हणजे ब्रेक आहे, फक्त तीनदा मागावा लागतो. या घरात एक ग्लास पाणी मागायलाही इतकंच लागतं.

नियम : थांबायच्या आधी तीनदा दाबणे.

कमला तेव्हापासून बोलत नाही. तिच्याच पायाचा दोष होता.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

डॅशबोर्डवर लाल दिवा लागला आहे. हँडब्रेक खाली असूनही लागतो. सेन्सर खराब. बॉनेट उघडून ब्रेकच्या तेलाची छोटी टाकी बघितली, खाली गेली होती. भरली. गाडी वापरली की तेल खपतंच.

दिवा डोळ्यांत जातो. पायलच्या वहीतलं चांदणीचं स्टिकर त्यावर चिकटवलं. आता चांगलं दिसतं.

रविवार, २१ सप्टेंबर. संध्याकाळी

जेवताना यशदीप म्हणाला, पापा, हम लोग ट्रेन से चलते हैं. दसऱ्याच्या गर्दीत, या वयात, पायलला घेऊन. मी म्हटलं, त्या ट्रेनचा ब्रेक कोणी तपासला हे तू विचारणार आहेस का? तो म्हणाला, नहीं, पर किसी ने तो चेक किया होगा. मी म्हटलं, आणि त्याचा पुरावा काय? पुरावा कागद. कागदाशिवाय विश्वास नाही ना, मग कागद देतो.

ताट अर्धं टाकून उठलो. फॉर्म मला तोंडपाठ आहे. फुटपट्टी घेऊन रकाने आखले. ब्रेक पॉवर सर्टिफिकेट. गाडी : व्हॅन. डबे : एक. कुठून : रायपूर. कुठवर : नागपूर. ब्रेक पॉवर : शंभर टक्के. खाली तीन सह्या. परीक्षक, ड्रायव्हर, गार्ड. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, मी म्हणत नाही.

परीक्षकाच्या रकान्यात सही केली. हरिदास सुखदेवे. आधी तीन वेळा रद्दी कागदावर करून बघितली. खरं म्हणजे या रकान्यात मी कधी सही केली नव्हती. ऑफिसात सगळा कागद मी भरायचो आणि खालची जागा साहेबांसाठी कोरी सोडायचो. चौतीस वर्षं कोरी सोडली. आज भरली. बरं वाटलं.

ड्रायव्हर : हरिदास सुखदेवे. राहिला गार्ड. गार्ड तिसरा माणूस लागतो, हा नियम आहे, आणि नियम मी मोडत नाही.

कमलासमोर कागद आणि पेन ठेवलं. तिने चार दिवसांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, "मी नाही करत. मले पोट्टी जीवंत पाह्यजे." यशदीप हसत बाहेर गेला. अपर्णाचे हात कणकेत होते, अर्धा तास होते.

नीलकंठरावांना विचारण्याइतका मी खाली पडलेलो नाही.

मंगळवार, २३ सप्टेंबर. दुपारी ४.१५

गार्डची सही झाली.

पायल शाळेतून आली तेव्हा घरात आम्ही दोघंच होतो. तिने विचारलं, आजोबा, गार्ड क्या करता है? मी सांगितलं, गार्ड सगळ्यात मागे बसतो, गाडीवर नजर ठेवतो, काही चुकलं तर लाल झेंडी दाखवतो आणि गाडी थांबते. तिला पद आवडलं. गुलाबी स्केचपेनने सही केली, शेजारी फूल काढलं. अक्षर माझ्यावर गेलं आहे.

कागदावर आता काही उणीव नाही. तीन रकाने, तीन सह्या. वय किती असावं हे फॉर्मवर कुठंही छापलेलं नसतं.

उद्या ट्रायल. कमला विहाराच्या मीटिंगला गेली की निघायचं.

बुधवार, २४ सप्टेंबर

ट्रायल घेतली.

नंतर लिहितो.

गुरुवार, २५ सप्टेंबर. सकाळी

लिहायला हवं. कोणी वाचणार नाही म्हणूनच लिहितो.

आमच्या चौबे कॉलोनीची एक फेरी, एवढाच बेत होता. पायल शेवटच्या सीटवर, दोन्ही हातांत झेंड्या. मी तिला बेल्ट लावायला सांगितला. त्या सीटचा बेल्ट गादीखाली गेलेला, काढायचा कंटाळा केला. सगळी फेरी चांगली झाली, कारण कुठं थांबावं लागलं नाही. परत गल्लीत वळलो. वेग फार नव्हता, पंधरा असेल, वीस असेल.

आमच्या गेटसमोर भाजीची हातगाडी उभी होती, तिच्याजवळ दोन बाया. मी ब्रेक दाबला. तळाला. दुसऱ्यांदा, तळाला. तिसऱ्यांदाही तळालाच, तिसऱ्याला कडक व्हायचा नियम होता. हँडब्रेक खेचला, तो कानापर्यंत वर आला आणि गाडीला काही फरक पडला नाही. गाडी जागेवर उभी राहील असं मी म्हणालो होतो. ती चालत राहिली. बायांकडे जाऊ नये म्हणून स्टिअरिंग डावीकडे घातलं आणि व्हॅन नीलकंठरावांच्या वाळूत शिरली. मोती ढिगावर झोपला होता. उठला, बाजूला झाला, पुन्हा झोपला.

मागून आवाज आला नाही. वळून बघितलं तर पायल दोन सीटच्या मधे खाली पडलेली, तोंडाला रक्त. दात हलत होता तो पडला होता, खालचा ओठ फाटला होता. रडत नव्हती. लाल झेंडी हातातच होती.

ती म्हणाली, "मैंने लाल दिखाया था आजोबा. आपने देखा ही नहीं."

आरसा यशदीपच्या उंचीलाच होता. मी फिरवून घेतला नव्हता.

नीलकंठराव धावत आले, पायलला उचललं, त्यांच्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. मी शेजारी बसलो होतो. त्यांचा ब्रेक चांगला आहे, पहिल्यांदाच लागतो. ओठाला दोन टाके. बाकी काही नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाकी काय असायला हवं होतं? मला लाज वाटली. अजून वाटते.

कमलाला कागद पायलच्या दप्तरात सापडला. शाळेतल्या बाईंना दाखवायला ठेवला होता पायलने. कमलाने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि फुलावर बोट ठेवलं.

"हिची सही घेतली तुम्ही?"

मी म्हटलं, ती गार्ड होती.

"चौतीस वर्षं साहेबाच्या सहीनं गाड्या गेल्या, तं कोणाले खरचटलं नाही. तुम्ही पयल्यांदा सही केली अन् पोट्टीचं तोंड फोडलं. चाबी द्या."

दिली.

शनिवार, २७ सप्टेंबर

शेवंताबाई सकाळी सातलाच आली. स्वतःचे पाने घेऊन आली, फडक्यात गुंडाळलेले. यार्डातलेच दिसतात, विचारलं नाही.

मला खुर्ची गेटच्या आत दिली. कोणी दिली आठवत नाही, पण आतच होती.

तिने जॅक लावला, डावं मागचं चाक काढलं, ड्रम ठोकून सैल केला. आत सगळं तेलाने माखलेलं. ड्रमच्या आत बोटभर लांबीचा एक सिलिंडर असतो, तो तेलाच्या दाबाने ब्रेकचे पट्टे ड्रमवर दाबतो. त्याचं रबर गेलं होतं. तेल तिथून गळायचं, चाकावर यायचं आणि खाली पडायचं, माझ्या दोन लाल बाटल्यांच्या मधोमध. तिने यशदीपला दाखवलं, अपर्णाला दाखवलं. नीलकंठराव तर टॉर्च धरूनच बसले होते. त्यांनी तिच्यासाठी स्टूल आणलं, दोनदा चहा आणला. दोनशे वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या घरातून चहा आमच्या गेटवर आला असेल. मलाही एक कप होता. प्यालो. साखर कमी.

मी खुर्चीवरून विचारलं की गळती असताना ब्रेक लागायला पाहिजे होता, तो लागला का नाही. शेवंताबाईने हात पुसले.

"बाबूजी, रेल्वेत पाइपातली हवा गेली का ब्रेक लागते. ह्याच्यात तेल गेलं का ब्रेकच जाते. उलटं आहे."

मी म्हटलं, उलटं काहून असावं?

"मले का माहीत? मी चक्का खोलून पाह्यलं. तुम्ही कधी वॅगनखाली वाकले का?"

वाकलो होतो. अठ्ठ्याण्णव साली, पेन पडलं होतं. सांगितलं नाही.

नवा सिलिंडर, नवे पट्टे. दुसऱ्या चाकाचेही बदलले, एका बाजूचे बदलत नाहीत म्हणे. मग हवा काढायला अपर्णाला पेडलवर बसवलं. झेंडी वगैरे काही नाही. शेवंताबाई चाकामागून मोठ्याने म्हणायची, दाब. अपर्णा म्हणायची, दाबला. मग नट. मग, सोड. अख्खी गल्ली ऐकत होती. अत्यंत अशास्त्रीय पद्धत. पेडल पहिल्यांदाच कडक झालं.

कमला मीटिंग सोडून दिवसभर तिथं उभी होती. माझ्याकडे एकदा बघितलं, गोळी घेतली का विचारायला. घेतली नव्हती. घेतली म्हणालो.

रविवार, २८ सप्टेंबर. सकाळी ६

चाकाखाली कोरडं. मोतीने येऊन हुंगलं आणि तिथंच बसून लघवी केली. बघून ठेवलं आहे. नीलकंठरावांना सांगणार नाही, सध्या दिवस बरे नाहीत.

मंगळवार, ३० सप्टेंबर

शेवंताबाईने काल गाडी रिंग रोडवर नेऊन आणली. शेजारी कमला, मागे यशदीप. मला बोलावलं नाही. जागा होती, चार सीट रिकाम्या होत्या.

आज पायल टाके काढून आली आणि म्हणाली, नवा कागद लागणार, पुराना कैंसल. लेकराचं डोकं कागदाच्या बाबतीत चालतं. मला म्हणाली, आप लिखो, आपकी राइटिंग अच्छी है. फुटपट्टी तिनेच आणून दिली. रकाने आखले, सगळं भरलं. ब्रेक पॉवर काय लिहू म्हणून शेवंताबाईला विचारलं. शंभर लिहू नका, म्हणाली, चालतंय असं लिहा. तसा शब्द फॉर्मवर नसतो, तरी लिहिला.

खालच्या तीन जागा कोऱ्या सोडल्या.

परीक्षक : शेवंताबाईने सही केली. तेलाचा डाग पडला. ड्रायव्हर : यशदीप. गार्ड : कमलाने चष्मा लावून अख्खा कागद वाचला, दोनदा, मग सही केली. पायलला वाईट वाटेल म्हणून कोपऱ्यात फूल काढायला दिलं.

मी विचारलं, माझी सही कुठं? कमला म्हणाली, पॅसेंजरची सही लागत नाही.

बरोबर आहे. नियमाप्रमाणे लागत नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर. नागपूर. संध्याकाळी ५

पोचलो. प्रवास चांगला झाला.

नोंदी : यशदीप आरसा बघतो. वेग थोडा जास्त ठेवतो, दोनदा सांगितलं, हव पापा म्हणाला. मला मधल्या सीटवर बसवलं होतं, मांडीवर पोळ्यांचा डबा. कमला शेवटच्या सीटवर, पायल तिच्या शेजारी, दोघींना बेल्ट. तो गादीखालून कोणी काढला कळलं नाही.

राजनांदगावपर्यंत गर्दी होती. पुढे ट्रकच ट्रक. ट्रकच्या मागे यशदीप फार जवळ जातो, म्हणून प्रत्येक वेळी मी माझ्या पायाखाली दाबत होतो. गाडी दर वेळी थांबली, हे इथं नोंदवून ठेवतो. एकदाही चुकली नाही. साकोलीच्या अलीकडे बैल आडवे आले तेव्हा दोन्ही पायांनी दाबलं आणि गाडी तिथल्या तिथं उभी राहिली. कमलाला मागून काही बोलावं लागलं नाही.

तेवढ्यात पायल मागून वाकली, माझ्या पायांकडे बघितलं. ओठ अजून सुजलेला आहे, त्यामुळे हळू बोलते.

"आजोबा, वहाँ ब्रेक नहीं है."

यशदीप आरशात बघत होता. मी डबा बाजूला ठेवला, चपला काढल्या, पाय वर घेतले. नागपूर येईपर्यंत मांडी घालून बसलो.